जुनी इटालियन सुपरकार घेऊन स्वतः रिस्टोर करायचीय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी हे सांगा, जुनी इटालियन सुपरकार म्हणजे नक्की कुठल्या गाड्या?

ढोबळमानाने 1966 ते 1990 मधल्या. 1966 च्या जिनिव्हा शोमध्ये लॅम्बोर्गिनीने मिउरा दाखवली, सीटच्या मागे आडवं बसवलेलं व्ही12 इंजिन, आणि तिथून हा सगळा प्रकार सुरू झाला असं बहुतेक जण धरतात. शेवटचं टोक काउंटाशचं, ती 1990 ला बंद झाली. मधल्या काळात फेरारीच्या डिनो, 308, 512 बीबी, टेस्टारोसा, मासेरातीच्या बोरा आणि मेराक, लॅम्बोर्गिनीची उराको, डी टोमासोची पँटेरा. गंमत म्हणजे फेरारीचं मारानेल्लो, लॅम्बोर्गिनीचं सांताआगाता आणि मासेराती-डी टोमासोचं मोडेना ही गावं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की या सगळ्या गाड्या जवळपास एकाच टापूत जन्मल्यात.

आणि एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, या गाड्या हाताने बनवलेल्या आहेत. कितीतरी पत्रे लाकडी साच्यावर ठोकून आकाराला आणलेले. त्यामुळे त्या हाताने दुरुस्तही होतात, फक्त घाई चालत नाही.

पहिल्यांदाच करतोय. कुठली घेऊ?

माझं स्पष्ट मत, पहिला प्रोजेक्ट असेल तर पँटेरा किंवा फेरारी 308. पँटेरा 1971 ला आली, बॉडी इटालियन, डिझाइन घिया स्टुडिओतल्या टॉम त्यार्डाचं, पण इंजिन फोर्डचं 5.8 लिटरचं 351 क्लीव्हलँड व्ही8 आणि गिअरबॉक्स झेडएफचा. म्हणजे इंजिनचे पार्ट मिळायची चिंता जवळपास संपलीच, आणि ते इंजिन खोलून बसवणारे मेकॅनिकही भरपूर. तिचा खरा शत्रू गंज, ते पुढे येईलच.

308 ला माहिती आणि पार्ट दोन्हीचा तुटवडा नाही कारण फेरारीच्या त्या काळच्या मानाने ती खूप बनली. 1975 ला आली तेव्हा पहिल्या सुमारे 700 गाड्यांची बॉडी फायबरग्लासची होती, 1977 मध्ये पत्र्याची झाली. फायबरवाल्या हलक्या आणि दुर्मिळ, त्यामुळे महाग. शिकायला पत्र्याची कार्बोरेटरवाली 308 सगळ्यात बरी.

मेराक आणि उराको दिसायला झकास आणि तुलनेने कमी पैशात मिळतात, पण पार्ट शोधायला चिकाटी लागते. मिउरा किंवा काउंटाश पहिला प्रोजेक्ट म्हणून नको. काउंटाश सगळ्या मिळून दोन हजारांच्या आतच बनल्यात, आत लोखंडी नळ्यांची जाळी आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा, एखादा कोपरा चेमटला तरी तो सरळ करणारा माणूस शोधण्यात महिने जातात.

गाडी बघायला जाताना काय बघू?

इंजिन सगळ्यात शेवटी बघा. हे ऐकून लोकांना नवल वाटतं पण इंजिन कसंही असलं तरी त्याचा हिशोब मांडता येतो, गंजाचा नाही मांडता येत.

गाडी वर उचलायला लावा, जॅकवर नाही, व्यवस्थित लिफ्टवर. दरवाजाची खालची कड, चाकांच्या कमानी, पुढच्या काचेच्या खालचे कोपरे, बॅटरीच्या खालचा पत्रा, सस्पेंशन जिथे चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) बोल्ट होतं ते ब्रॅकेट, हे सगळं हात लावून बघा. छोटं चुंबक मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे एकतर पुट्टी आहे नाहीतर मुळातच ॲल्युमिनियम किंवा फायबर आहे, म्हणून त्या मॉडेलचा कुठला भाग कशाचा होता हे आधी वाचून जा. पँटेराची बॉडी म्हणजेच तिची चॅसिस, वेगळी फ्रेम नाही, आणि त्या काळी आतून गंजरोधक फार लावलेलं नसायचं, त्यामुळे बाहेरून चकचकीत आणि आतून पोखरलेली पँटेरा सर्रास सापडते. ज्या गाड्यांत ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडी सांगाड्याला टेकतो तिथे दोन धातूंच्या मधे ओल साठली की ॲल्युमिनियम पांढरं भुसभुशीत होतं, वरचा रंग फुगलेला दिसला की खाली हेच असतं.

दरवाजांच्या फटी डावी-उजवीकडे थोड्या कमीजास्त असतील तर लगेच अपघाताची गाडी म्हणू नका, कारखान्यातूनच तशा यायच्या. पण एकाच दरवाजाची फट वर बारीक आणि खाली बोटभर असेल तर मात्र चॅसिस मोजून घ्या.

मग इंजिन. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर किती दाब धरतो ते) आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कुठून गळते ते) दोन्ही, एकावर भागवू नका. कॉम्प्रेशन कमी आलं तर का कमी आलं ते लीक-डाउन सांगतं, हवा एक्झॉस्टमधून फुसफुसली तर व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

आणि एक यादी करा, काय काय नाहीये याची. काचा, दिव्यांचे लेन्स, बंपर, दरवाजाचे हँडल, मीटर, ओरिजिनल चाकं. पिस्टन ऑर्डर देऊन बनवून मिळतो, पुढची काच नसेल तर प्रोजेक्ट तिथेच लटकतो.

नकली किंवा जुळवाजुळव केलेली गाडी ओळखायची कशी?

पाँटिॲक फिएरोच्या सांगाड्यावर फायबरची बॉडी चढवून फेरारी आणि काउंटाशसारख्या दिसणाऱ्या गाड्या भरपूर बनल्यात, त्या गाडीखाली वाकलं की पाच मिनिटांत कळतात. अवघड असते ती अर्धी खरी गाडी, म्हणजे चॅसिस खरी पण इंजिन दुसऱ्या गाडीचं. चॅसिस नंबर, इंजिन नंबर, गिअरबॉक्स नंबर तिन्ही स्वतः डोळ्यांनी वाचा, फोटो काढा, नंबरच्या आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा बघा. कारखान्यांकडे जुनी दप्तरं आहेत, फेरारीचा क्लासिके विभाग आणि लॅम्बोर्गिनीचा 2015 ला सुरू झालेला पोलो स्टोरिको विभाग गाडी तपासून सर्टिफिकेट देतात. मूळ रंग आणि इंटेरियर कुठलं होतं तेही तिथून कळू शकतं. जुनी सर्व्हिस बिलं एखाद्या डब्यात असतील तर तो डबा गाडीबरोबर मागून घ्याच.

चालू गाडी घेऊ की वर्षानुवर्षं उभी असलेली स्वस्तात घेऊ?

चालू घ्या. बजेटमध्ये बसणारी सगळ्यात पूर्ण आणि सगळ्यात कमी गंजलेली गाडी, रंग उडालेला असला तरी चालेल. उभी राहून राहून सील सुकतात, टाकीत पेट्रोलचा डिंक होतो, ब्रेकचे पिस्टन जाम होतात, क्लच प्लेट चिकटते, हे सगळं एकेक करून सुटतं पण बिल वाढत जातं आणि स्वस्त गाडी शेवटी महाग पडते.

मालकाने गाडी आधीच सुटी करून खोक्यांत भरून ठेवलीय, घेऊ का?

नको. ज्याने खोलली त्यालाच माहीत कुठला बोल्ट कुठला. फारच मोह होत असेल तर प्रत्येक खोकं उघडून पार्ट्स कॅटलॉगबरोबर ताडून बघा, आणि त्याला दोन दिवस गेले तरी जाऊ द्या.

गाडी घरी आली, सेल्फ मारून बघू?

अजिबात नाही!! वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनला एकदम सेल्फ मारणं हा सगळ्यात महागडा उत्साह आहे.

बॅटरी काढून ठेवा. टाकी रिकामी करून आत टॉर्चने बघा, 308 ला दोन टाक्या असतात डावी आणि उजवी, दोन्ही बघा आणि त्यांना जोडणारा पाईपही बघा. पेट्रोलचा प्रत्येक रबरी पाईप बदला, चांगला दिसतोय म्हणून एकही ठेवू नका, हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर आतून सुटतं आणि एक दिवस गरम इंजिनवर थेंब थेंब गळायला लागतं. आर9 दर्जाचा पाईप आणि इंजेक्शनचे गोल क्लॅम्प वापरा, ते चावरे स्क्रूवाले क्लॅम्प पाईप कापतात. मिउराची तर यासाठी ख्यातीच आहे, कार्बोरेटर इंजिनच्या डोक्यावर, पेट्रोल ओसंडलं की आग. म्हणून अग्निशामक सिलिंडर गाडी यायच्या आधी गॅरेजमध्ये आलेला असला पाहिजे, तो हाताला येईल असा दाराजवळ टांगा.

मग स्पार्क प्लग काढा, इंजिन थंड असतानाच, कारण हेड ॲल्युमिनियमचं आणि गरम असताना प्लग फिरवला तर आटे बाहेर येतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन-तीन दिवस तसंच राहू द्या, मग क्रँकच्या पुलीवर मोठा पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवा, ज्या दिशेने ते चालताना फिरतं त्याच दिशेने. कुठे अडलं तर जोर लावू नका, थांबा आणि का अडलं ते शोधा. बेल्टवालं इंजिन असेल तर पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय हातही लावू नका.

टायमिंग बेल्टची एवढी भीती का घालतात?

टायमिंग बेल्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला क्रँकच्या तालात फिरवणारा रबरी पट्टा. भीती यासाठी की तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. फेरारीच्या 308 ला दोन बेल्ट, दोन्ही बाजूंच्या हेडला एकेक. किती किलोमीटर झाले याला फार अर्थ नाही, गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतंच, त्यामुळे साधारण 3 ते 5 वर्षांनी बदलायचेच. शेवटचे कधी बदलले याचं बिल हातात नसेल तर बदललेलेच नाहीत असं धरून चाला. टेस्टारोसा आणि 348 ला या कामासाठी इंजिन खाली उतरवावं लागतं, 308 ला मात्र मागच्या उजव्या चाकाच्या आतलं कव्हर काढलं की तिथून हात जातो, म्हणूनच ती घरी करणाऱ्याला परवडते.

काम थोडक्यात असं. फ्लायव्हीलवर (क्रँकच्या टोकाच्या जड चाकावर) पीएम 1-4 अशी खूण असते, ती पॉइंटरसमोर आणा, मग व्हॉल्व्ह कव्हर काढून चारही कॅमशाफ्टवरच्या बारीक रेघा कॅपवरच्या रेघांशी जुळतात का बघा. जुळल्या की प्रत्येक जागेचा फोटो काढा आणि वर पेंटचा ठिपकाही द्या. जुना बेल्ट सुटला की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या दाबाने कॅम झटकन उडी मारतो, म्हणून कॅम धरून ठेवायची सोय आधी करा आणि हे काम एकट्याने करू नका. टेन्शनरचं (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचं) बेअरिंग बोटाने फिरवा, जरा जरी खरखर लागली तर नवीन, खरं तर खरखर नसली तरी नवीनच टाका. नवा बेल्ट चढवून टेन्शनर मोकळा सोडा, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, खुणा परत जुळतात का बघा, आणि मगच टेन्शनरचा नट टॉर्क रेंचने घट्ट करा. एका दाताची चूकही खुणांवर दिसते, डोळे थकले असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघा.

लॅम्बोर्गिनीच्या व्ही12 ला चेन आहे, तिथे ही चिंता नाही. उराकोची पी250 बेल्टवाली, नंतरची पी300 चेनवाली.

हेड उतरवलंच तर आणखी काय करून घेऊ?

308 ची हेड उतरवणं हीच एक परीक्षा असते, लोखंडी स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये गंजून धरलेले असतात, कधी कधी दिवसेंदिवस पेनिट्रेटिंग ऑइल सोडावं लागतं आणि खेचायला खास प्लेट बनवावी लागते. पाचर ठोकून उघडू नका, सपाट पृष्ठभागावर ओरखडा आला की गॅस्केट पुन्हा नीट बसत नाही. एकदा उतरलं की जुने सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढून एकसंध स्टीलचे टाका, जुन्यांचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडल्याची उदाहरणं आहेत. व्हॉल्व्ह गाइड आणि सीटचं काम मशीन शॉपला द्या.

कार्बोरेटरवाली बरी की इंजेक्शनवाली?

ऐकायला कार्बोरेटर, यात माझ्या मनात शंका नाही. 308 ला चार वेबर 40 डीसीएनएफ, प्रत्येकाला दोन तोंडं, म्हणजे आठ सिलिंडरला आठ घसे. काउंटाश एलपी400 ला सहा वेबर 45 डीसीओई. लोक घाबरतात पण आत सगळं यांत्रिक आहे, डोळ्यांना दिसतं, साफ करता येतं. फक्त क्रम पाळा, आधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स, मग इग्निशन, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर, कारण पहिल्या दोघांत गडबड असेल तर कार्बोरेटर कितीही पिळा इंजिन लंगडंच चालणार. हवेचा फ्लो मोजायचं मीटर प्रत्येक घशावर धरून सगळ्यांचं रीडिंग सारखं करा, मग मिक्स्चरचे स्क्रू थोडे थोडे फिरवा. सगळे एका सुरात आले की आवाजच बदलतो, तो क्षण फार भारी असतो.

1980 पासून 308 ला बॉशचं के-जेट्रॉनिक इंजेक्शन आलं, पॉवर कमी झाली, ती 1982 च्या चार व्हॉल्व्हवाल्या क्वात्रोव्हाल्व्होलेमध्ये बऱ्यापैकी परत आली. के-जेट्रॉनिक एरवी भरवशाचं, पण गाडी जुन्या पेट्रोलवर उभी राहिली की पेट्रोल वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला प्लंजर चिकटतो आणि तो सोडवणं नाजूक काम आहे.

मासेरातीच्या हायड्रॉलिकबद्दल ऐकलंय, खरंच एवढं अवघड आहे?

अवघड नाही, वेगळं आहे. 1968 ते 1975 मासेराती सिट्रोएनच्या ताब्यात होती, म्हणून बोराचे ब्रेक, पॉप-अप दिवे, अगदी ड्रायव्हरची सीट वरखाली आणि पेडल पुढेमागे करणंसुद्धा सिट्रोएनच्या हायड्रॉलिकवर चालतं, सुरुवातीच्या मेराकमध्येही ब्रेक आणि दिवे तसेच. त्यात एलएचएम नावाचं हिरवं मिनरल ऑइल लागतं. साधं ब्रेक ऑइल त्यात कधीही टाकू नका, एका बाटलीत सगळ्या सिस्टीमचे सील फुगून जातात. दाब खूप जास्त असतो त्यामुळे गळती बोटाने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची. पाईप खोलायच्या आधी दाब सोडायला विसरू नका.

वायरिंग पूर्ण नवीन करू?

बहुतेक वेळा गरज नसते. निम्मे त्रास अर्थिंगचे असतात, अर्थचा प्रत्येक पॉइंट उघडा, घासून चकचकीत करा, ग्रीस लावून परत घट्ट करा. 308 चा फ्यूज बॉक्स गरम होऊन वितळतो, तो चांगल्या दर्जाचा नवीन बसवा, हेडलाइटला आणि पंख्यांना रिले द्या म्हणजे जुन्या स्विचवर भार येणार नाही. आधीच्या मालकांनी टेप गुंडाळून जोडलेल्या वायरी सापडतील, त्या सगळ्या काढून टाका.

गाडी ट्रॅफिकमध्ये गरम होते, हे असंच असतं का?

असंच असतं म्हणून सोडून देऊ नका. इंजिन मागे आणि बहुतेकांत रेडिएटर पुढे, मधे पाण्याचे लांबच लांब पाईप, त्यात हवा अडकली की काटा वर चढतो. पाणी भरताना हवा काढायचे स्क्रू कुठे आहेत ते मॅन्युअलमध्ये बघा, गाडीचं नाक योग्य त्या कोनात ठेवून पूर्ण हवा काढा. रेडिएटरची कोअर नवीन, पंखे जास्त हवेचे, थर्मोस्टॅट नवा, एवढ्यावर पँटेरासुद्धा शांत होते.

बॉडी आणि रंग स्वतः करू का?

खोलणं, साफ करणं, जुना रंग उतरवणं स्वतः करा. ॲल्युमिनियम आणि फायबरवर सँडब्लास्टिंग नको, पत्रा वाकतो आणि फायबरची चाळण होते. चॅसिसचं वेल्डिंग, ॲल्युमिनियमचं ठोकाकाम आणि शेवटचा रंग जाणत्या माणसाकडेच. रंग द्यायच्या आधी दरवाजे, बॉनेट, दिवे, रबर सगळं एकदा कोरडं बसवून बघा, फटी तेव्हाच जुळवा, रंगानंतर जुळवायला गेलात की कडा उडतात.

रंग मूळचाच द्या ही माझी मनापासूनची विनंती. कितीतरी गाड्या हिरव्या, तपकिरी, निळ्या होत्या आणि नंतर कुणीतरी लाल केल्या. दरवाजाच्या आतल्या रबराखाली किंवा डॅशबोर्डमागे मूळ रंग सापडतो, तो खूप सुंदर असतो.

पार्ट कुठून आणायचे?

खास दुकानात विचारायच्या आधी तो पार्ट दुसऱ्या कुठल्या गाडीत होता का ते शोधा. या छोट्या कंपन्या दिवे, स्विच, हँडल स्वतः बनवत नव्हत्या. मिउराचे हेडलाइट फियाट 850 स्पायडरचे आहेत! बेअरिंग आणि ऑइल सीलवर साइज छापलेली असते, मोजून घ्या, बेअरिंगच्या साध्या दुकानात मिळतात.

टायरचं आधीच बघा. काही 308 ना मिशलिन टीआरएक्सची 390 मिलिमीटरची चाकं आहेत, त्यावर इंचातला टायर बसत नाही. काउंटाशचा मागचा 345/35 आर15 साइजचा टायर पिरेलीने पुन्हा काढला म्हणून बरं झालं. नक्षी कितीही शिल्लक असो, बाजूवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. चारऐवजी तीनच आकडे असतील तर टायर 2000 च्या आधीचा आहे, तो फक्त गाडी ढकलायला.

टूल्स आणि जागा किती लागते?

गाडीच्या तिप्पट जागा, कारण सुटी झालेली गाडी पसरते. चांगले जॅक स्टँड, इंजिन हॉइस्ट, इंजिन स्टँड, दोन टॉर्क रेंच एक छोटा एक मोठा, डायल गेज, मल्टिमीटर. झिप पिशव्या आणि मार्कर पेन. प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर नाव आणि तारीख, खोलायच्या आधी फोटो आणि खोलल्यावरही फोटो. सहा महिन्यांनी आठवेल असं वाटतं पण नाही आठवत.

मधेच अडकलो, कंटाळा आला तर?

म्हणूनच पूर्ण गाडी एकदम खोलू नका. आधी ब्रेकचं काम हातात घ्या, ते पूर्ण करा. मग पेट्रोलची लाइन, मग कूलिंग. गाडी शक्य तितका वेळ चाकांवर आणि चालती ठेवा. अर्धवट विकायला निघालेल्या बहुतेक गाड्या पहिल्याच महिन्यात पूर्ण सुट्या केलेल्या असतात.

पहिल्यांदा रस्त्यावर काढताना काय लक्षात ठेवू?

बरोबर एक माणूस, अग्निशामक आणि बेसिक टूल्स. ऑइल गरम होईपर्यंत आरपीएम चढवू नका. जुन्या फेरारीचा दुसरा गिअर थंड असताना पडत नाही, जबरदस्ती करू नका, पहिल्यावरून सरळ तिसरा टाका आणि गिअरबॉक्स गरम होऊ द्या, मग तो आपोआप पडायला लागतो. पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबा, इंजिन कव्हर उघडा, पेट्रोलचा वास येतोय का बघा, होज आणि पाईपचे जोड टॉर्चने तपासा, चाकांना हात लावून बघा, एखादं जास्त गरम असेल तर तिथला कॅलिपर सोडत नाहीये. घरी आल्यावर पूर्ण थंड होऊ द्या, चाकांचे नट पुन्हा टॉर्क करा, पाणी आणि ऑइलची लेव्हल बघा आणि खाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवा, सकाळी त्यावरचे डाग कुठे पडलेत ते बघून पुढच्या कामाची यादी करा.